सीताफळ पिकताना : एक अभ्यास

(बी. ए. द्वितीय वर्ष)

बालाघाटाच्या डोंगरात सीताफळाचे डोळे उघडू लागले की आमच्या पाटोदा तालुक्यात दोन लगबगी एकाच वेळी सुरू होतात. एक असते फळे तोडून बाजारात नेण्याची आणि दुसरी असते ऊसतोडीला जाण्याची. दसरा झाला की मुकादमाचे निरोप येऊ लागतात. दिवाळीच्या मागेपुढे ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसे कारखान्यांकडे निघतात. नेमके त्याच दिवसांत झाडावरचे फळ सर्वांत गोड झालेले असते. माझे आईवडील दरवर्षी याच वाटेने जातात. मी आजीजवळ राहून शिकले आणि आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी पहिलीच ठरले.

मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे. भूगोल आणि अर्थशास्त्र हे माझे विषय. त्यामुळे फळातील जीवनसत्त्वांवर मी लेखणी उचलावी याचे काहींना नवल वाटेल. पण त्याला एक कारण घडले. गेल्या वर्षी आईला फार थकवा येऊ लागला म्हणून दवाखान्यात नेले. रक्त कमी आहे असे डॉक्टरांनी सांगितले, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि "जेवणाबरोबर लिंबू, पेरू, आवळा, जे मिळेल ते फळ खात जा," असेही बजावले. घरी आल्यावर मी पाटीतले एक चांगले पिकलेले सीताफळ आईपुढे ठेवले. तिने ते उचलून पुन्हा पाटीत ठेवले आणि म्हणाली, "आगं पोरी, चांगलं फळ इकायचं आसतंय. आपल्याला फुटलेलं हाय की."

आमच्या घरात असेच चालत आले आहे. टणक, डोळे भरलेले फळ बाजारात जाते. उकललेले, पाखरांनी टोचलेले, फार पिकून काळे पडलेले घरात राहते. माझ्या मनात प्रश्न आला : घरात राहते त्या फळात डॉक्टर म्हणाले ते सत्त्व उरते तरी किती? फळ कच्चे असताना, पिकताना आणि फार पिकल्यावर त्यात काय बदल होतो? या प्रश्नाचे उत्तर शोधताना ग्रंथालयात आणि गुरुजनांकडून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

गंज, काळी फोड आणि शरीर

प्रथम एक मूळ कल्पना समजून घेऊ. कोयता पावसात बाहेर राहिला की गंजतो. वांगे किंवा सफरचंद चिरून ठेवले की फोड काळपट पडते. या दोन्ही ठिकाणी हवेतील प्राणवायूशी पदार्थाचा संयोग होतो. यालाच शास्त्रात ऑक्सिडीकरण म्हणतात. आपल्या शरीरातही अन्नापासून शक्ती मिळवताना प्राणवायू वापरला जातो आणि त्या व्यवहारात काही अतिशय चंचल कण निर्माण होतात. त्यांना मुक्त मूलके असे नाव आहे. हे कण पेशींच्या आवरणाला व आतील घटकांना इजा करू शकतात. त्यांना आवर घालणारी यंत्रणा शरीराजवळ असते आणि तिला अन्नातूनही मदत मिळते. जे पदार्थ स्वतः झिजून दुसऱ्याचे ऑक्सिडीकरण रोखतात त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. वांग्याची फोड लिंबाच्या पाण्यात टाकली की काळी पडत नाही, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. लिंबातील आंबटपणा आणि क जीवनसत्त्व ही दोन्ही तेथे रक्षण करतात.

फळांत असे पदार्थ मुख्यतः तीन प्रकारचे असतात. पहिले क जीवनसत्त्व, ते पाण्यात विरघळते. दुसरी कॅरोटीन व त्याच्या जातीची पिवळी-तांबडी रंगद्रव्ये. आंबा, पपई आणि टोमॅटो यांना त्यांच्यामुळेच रंग येतो. तिसरी पॉलिफेनॉल या नावाने ओळखली जाणारी मोठी जमात. कच्च्या फळाचा तुरटपणा देणारे टॅनिन याच जमातीतले.

क जीवनसत्त्वाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. लांबच्या समुद्रप्रवासात खलाशांच्या हिरड्यांतून रक्त येई, जखमा भरत नसत आणि माणसे दगावत. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या डॉक्टराने अशा बारा रोग्यांना दोन-दोनच्या गटात वेगवेगळे उपचार दिले. संत्री आणि लिंबू मिळालेले दोघे सर्वांत लवकर सुधारले. त्या फळातील गुणकारी द्रव्य हाती येण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले. हंगेरीचे शास्त्रज्ञ सेंट-ज्यॉर्जी यांनी ते वेगळे केले आणि पुढे त्याचा मोठा साठा त्यांना मिळाला तो आपल्या परिचयाच्या मिरचीच्या कुळातील तांबड्या पाप्रिकात! १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेक प्राणी, अगदी आपल्या दारातील शेळीसुद्धा, हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करते. माणसाला ते जमत नाही. त्याला ते रोजच्या अन्नातूनच घ्यावे लागते.

फळ पिकते म्हणजे काय होते?

फळ पिकणे ही निसर्गाची एक किमयाच आहे. झाडाच्या दृष्टीने पाहिले तर बी तयार होईपर्यंत फळ कोणी खाऊ नये, म्हणून ते हिरवे, टणक, तुरट वा आंबट असते. बी तयार झाले की ते कोणीतरी खावे आणि बी दूर न्यावे, म्हणून ते मऊ, गोड आणि सुगंधी होते.

या बदलाचा इशारा एक वायू देतो. त्याचे नाव इथिलीन. रशियातील नेल्यूबोव्ह यांनी १९०१ साली दिव्याच्या गॅसमधील इथिलीनचा रोपांच्या वाढीवर परिणाम होतो हे दाखवले. पिकणारे सफरचंद हा वायू स्वतःच तयार करते हे १९३४ साली गेन या शास्त्रज्ञाने सिद्ध केले. आपल्या आजीला हे नाव ठाऊक नव्हते, पण काम ठाऊक होते. आंब्याची अढी घालताना गवतात फळे दडपून ठेवणे किंवा सीताफळे धान्यात पुरून ठेवणे म्हणजे हा वायू आणि ऊब कोंडून धरणेच होय. अढीत एक पिकले की शेजारचे लवकर पिकते, त्याचे कारणही हेच.

सर्वच फळे तोडल्यावर पिकत नाहीत. आंबा, केळी, पपई, सीताफळ ही तोडल्यावर पिकतात. पिकताना त्यांचा श्वासोच्छ्वास एकदम वाढतो. मोसंबी, द्राक्षे आणि डाळिंब तोडल्यावर गोड होत नाहीत. ती झाडावरच पूर्ण तयार व्हावी लागतात.

पिकताना फळातील पिठूळ भागाची साखर होते. हे डोळ्यांनी पाहावे म्हणून मी शाळेतील विज्ञानाच्या बाईंकडून आयोडीनच्या द्रावणाची लहान बाटली आणली. कच्च्या केळीच्या फोडीवर दोन थेंब टाकताच ती काळीनिळी झाली. पूर्ण पिकलेल्या केळीवर थेंबाचा तांबूस रंग जवळजवळ तसाच राहिला. कच्च्या केळीच्या गरात सुमारे पाचवा हिस्सा पिष्ट असते आणि पिकल्यावर ते एक-दोन टक्क्यांवर येते, असे पुस्तकात वाचले होते ते पटले. मग भाताच्या पेजेत आयोडीन टाकून निळे पाणी केले आणि त्यात आवळ्याचा रस घातला. निळा रंग पाहता पाहता नाहीसा झाला. ती क जीवनसत्त्वाची करामत होती. आजी म्हणाली, "आवळ्यानं निळं पाणी धुऊन काढलं की गं!"

सत्त्व वाढते की घटते?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. "पिकले की सत्त्व वाढते" किंवा "पिकले की सत्त्व जाते" असे एकच उत्तर देता येत नाही. प्रत्येक फळाची आणि प्रत्येक घटकाची वाट निराळी आहे.

आंब्याचेच पाहा. कच्च्या कैरीत क जीवनसत्त्व जास्त असते आणि आंबा पिकत जातो तसे ते कमी होते. त्याच वेळी गर पिवळा-केशरी होत जातो, म्हणजे कॅरोटीन वाढते. या कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते आणि ते डोळ्यांना उपकारक असते. म्हणजे कैरीचे पन्हे आणि पिकल्या आंब्याचा रस ही एकाच झाडाची दोन वेगळी देणी आहेत. पपईत मात्र पिकताना कॅरोटीन तर वाढतेच, शिवाय क जीवनसत्त्वही वाढते. पेरूत क जीवनसत्त्व फळ पूर्ण तयार होईपर्यंत वाढते आणि फार पिकून मऊ झाल्यावर उतरते.

तुरट टॅनिनची वाट साधारणपणे उताराची असते. फळ पिकते तसा तुरटपणा कमी जाणवतो. काही टॅनिन एकमेकांना जोडले जाऊन जिभेला लागेनासे होतात, तर काहींचे प्रमाणच घटते.

पिकलेल्या फळातले क जीवनसत्त्व पुढे का घटते? पिकताना फळाचा श्वासोच्छ्वास वाढतो आणि त्याबरोबर त्याच्या पेशींतही ते चंचल कण वाढतात. त्यांना आवरण्यासाठी फळ स्वतःचाच साठा खर्च करते. पुढे पेशींच्या भिंती ढिल्या पडतात, आतले द्रव एकमेकांत मिसळतात, प्राणवायू आत शिरतो आणि साठा वेगाने संपू लागतो. म्हणजे ज्या पदार्थांना आपण आपले रक्षक म्हणतो ते आधी त्या फळाचे रक्षक असतात.

आपले सीताफळ

सीताफळ मूळचे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातले आणि पोर्तुगीजांच्या काळात ते आपल्याकडे आले असे सामान्यतः मानले जाते. पण बालाघाटाने त्याला असे पोटाशी धरले की ते परके वाटतच नाही. हलकी मुरमाड जमीन, कमी पाऊस आणि उतारावरचे दगडगोटे त्याला मानवतात. पाने कडवट असल्याने शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. मांजरा नदी जेथे उगम पावते त्या आमच्या टापूत पाण्यावाचून जगणारे झाड म्हणजे मोठाच आधार. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्याच जिल्ह्यात अंबाजोगाई येथे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे आणि 'धारूर-६' ही जात तेथूनच पुढे आली, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत शंभर ग्रॅम खाद्य भागातील क जीवनसत्त्वाचे आकडे दिले आहेत. आवळा ६००, पेरू २१२, बोर ७६, पिकलेली पपई ५७, सीताफळ ३७, पिकलेला आंबा १६ आणि केळी ७ मिलिग्रॅम. जात, जमीन आणि तोडणी यांप्रमाणे हे आकडे कमीअधिक होतात, परंतु तुलना लक्षात यावी म्हणून ते दिले आहेत. २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला ६५ आणि पुरुषाला ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व हवे. चांगल्या मोठ्या सीताफळातून साल आणि बिया वगळता शंभर ग्रॅम गर मिळाला, तर स्त्रीची निम्म्याहून अधिक गरज एका फळात भागते. शिवाय सीताफळ आपण कच्चेच खातो, शिजवत नाही. त्यामुळे उष्णतेने होणारी हानी टळते. त्याचा गर तापवला तर तो कडवट होतो, म्हणूनच त्याचा आंब्यासारखा मुरांबा घरोघरी होत नाही.

सीताफळ पिकण्याची चाल फार जलद आहे. डोळ्यांमधील खाचा रुंद होऊन पिवळसर दिसू लागल्या की फळ तयार झाले असे समजतात. तेव्हा तोडलेले फळ दोन ते चार दिवसांत मऊ होते. त्यानंतर साल काळी पडू लागते, गर आंबुस होतो आणि क जीवनसत्त्व उतरणीला लागते. फार थंड जागी ठेवले तरी साल काळवंडते. डोळे उघडण्यापूर्वीच तोडलेले फळ नीट पिकत नाही, ते कडक राहून काळे पडते.

येथे मला आमच्या घरच्या व्यवहाराचे उत्तर सापडले. ट्रक येण्यापूर्वी चार पैसे हाती यावेत म्हणून आम्ही शेवटच्या आठवड्यात डोळे न भरलेली फळेही ओरबाडून आणतो. ती ना धड पिकतात, ना धड विकतात. जी खरोखर तयार असतात ती बाजारात जातात आणि घरात राहतात ती उतरणीला लागलेली. उकललेले फळ झाडावरून त्याच दिवशी आणून खाल्ले तर काही बिघडत नाही, त्यातले सत्त्व शाबूत असते. पण पाटीच्या तळाशी तीन दिवस पडून आंबलेल्या फळात साखर उरते आणि क जीवनसत्त्व मात्र बरेचसे निघून गेलेले असते. म्हणजे आई दिवसभर डोंगर चढून जे आणते त्याचा गुण तिच्या वाट्याला सर्वांत कमी येतो.

लोह आणि फळ यांचे नाते

डॉक्टरांनी लोहाच्या गोळीबरोबर फळ का सांगितले तेही समजून घेणे अगत्याचे आहे. बाजरीच्या भाकरीत आणि पालेभाजीत लोह असते, पण धान्यातील काही घटक त्याला धरून ठेवतात आणि ते शरीरात सहज शोषले जात नाही. जेवणाबरोबर क जीवनसत्त्व मिळाले तर ते लोहाचे रूप बदलून त्याला विरघळलेल्या अवस्थेत ठेवते आणि शोषण वाढते. उलट जेवणावर लगेच चहा घेतला तर चहातील टॅनिन लोहाला अडवते. तेव्हा अँटिऑक्सिडंट म्हटले की सर्व वेळी सर्व बाबतीत चांगलेच, असे समजणे बरोबर नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्ताल्पता आढळली. त्या निम्म्यांत माझी आई आहे आणि वाचकांपैकी अनेकांच्या घरातलेही कोणीतरी असेल.

यावर कोणी म्हणेल, मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्याच घेतल्या तर? जाहिराती तसेच सांगतात. पण फिनलंडमध्ये एकोणतीस हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठा प्रयोग झाला. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढला, असे १९९४ साली प्रसिद्ध झाले. फळात अनेक घटक प्रमाणात आणि एकत्र असतात. त्यातला एकच वेगळा काढून भरपूर घेणे ही निराळी गोष्ट आहे. डॉक्टरांनी तपासून दिलेली लोहाची गोळी मात्र टाळू नये, फळ हे तिला पूरक आहे, पर्याय नव्हे.

काही सूचना

या अभ्यासातून मला सुचलेल्या काही गोष्टी नम्रपणे मांडते.

पहिली, डोळे भरल्याशिवाय फळ तोडू नये. त्यात विकणाऱ्याचे व खाणाऱ्याचे दोघांचेही नुकसान आहे. फळे पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास कायद्याने बंदी आहे, हेही ध्यानात ठेवावे. धान्याची किंवा गवताची अढी पुरेशी असते.

दुसरी, बाजाराची पाटी भरण्यापूर्वी घरातील प्रत्येकाचे एक फळ बाजूला काढावे, विशेषतः स्त्रियांचे आणि मुलांचे. ते मऊ झाले त्याच दिवशी खावे.

तिसरी, सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी डोक्याला लावण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ती डोळ्यांत गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. ही पद्धत सोडावी हे बरे.

चौथी ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी. सीताफळ प्रवासात टिकत नाही, पण लिंबू टिकते. आवळा सुकवून नेता येतो, त्यात ताज्याइतके नाही तरी काही क जीवनसत्त्व उरते. कोपीवर भाकरीबरोबर लिंबू पिळावे आणि चहा जेवणानंतर तास-दीड तासाने घ्यावा. यास फारसा खर्च येत नाही.

पाचवी आपल्या महाविद्यालयासाठी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी झाडे लावतो. त्यांत आवळा, पेरू आणि सीताफळ यांची भर घातली तर येणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याचा लाभ होईल.

शेवटी एक सांगते. ऊसतोडीला जाण्याचा दिवस आमच्या हातात नाही आणि फळ पिकण्याचा दिवसही नाही. या दोन्हींची गाठ एकाच पंधरवड्यात पडते हे आमचे नशीब म्हणा किंवा अर्थशास्त्र म्हणा. पण पाटीतले कोणते फळ विकायचे आणि कोणते खायचे हे तरी आमच्या हातात आहे. यंदा निघण्याच्या आदल्या दिवशी मी हे सगळे आईला समजावून सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले, पाटीतली दोन चांगली फळे काढली, एक आजीला दिले आणि एक स्वतः खाल्ले. बाकीची बाजारात गेली. जाताना आजीने तिच्या पिशवीत वाळलेल्या आवळ्याची पुरचुंडी ठेवली. विद्येचा उपयोग घरात झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.